कापडी पिशवी २०,००० वेळा वापरायची? एका आकड्याची उलटतपासणी



कोर्सवर्कच्या पहिल्याच सेमिनारमध्ये मी एक स्लाइड मोठ्या झोकात लावली होती: "सेंद्रिय कापसाची पिशवी प्लास्टिकपेक्षा बरी ठरायला ती २०,००० वेळा वापरावी लागते." वर्गात कुजबुज झाली, मला बरं वाटलं. मग मागच्या बाकावरून एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "बरी म्हणजे कोणत्या बाबतीत? आणि एक 'वेळ' म्हणजे नेमकं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. आकडा मी एका बातमीतून उचलला होता, मूळ अहवाल उघडलाच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे आदल्या रविवारी हाच आकडा मी आईला फोनवर ऐकवला होता. बाबांच्या जुन्या पँटची शिवलेली पिशवी घेऊन ती वर्षानुवर्षं भाजी आणते. ती एवढंच म्हणाली, "असेल बाई, तू शिकतेयस."

त्या रात्री अहवाल वाचायला घेतला. त्यातून जे शिकले ते आज सांगते, कारण सिनॉप्सिस लिहिताना तुम्हीही असे आकडे उचलणार आहात.

आकडा आला कुठून?

डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण विभागाने २०१८ मध्ये किराण्याच्या पिशव्यांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. अभ्यास तिथल्या तंत्रविज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी केला होता. पद्धत होती लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे जीवनचक्र मूल्यमापन. आपण एलसीए म्हणू. वस्तूचा कच्चा माल, उत्पादन, वाहतूक, वापर आणि शेवटी कचरा, या प्रत्येक टप्प्यावर पर्यावरणावर किती भार पडतो याचा हा हिशेब. त्यासाठी आयएसओ १४०४० हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. थोडक्यात, अभ्यास पक्का होता. माझं वाचन कच्चं होतं.

१. मोजलं कोणत्या एककात?

एलसीएमध्ये पहिल्यांदा 'फंक्शनल युनिट' ठरवतात. इथे पिशवीची पिशवीशी तुलना नव्हतीच, तुलना होती कामाची. ते काम असं: सरासरी २२ लिटर आकारमानाचा आणि १२ किलो वजनाचा किराणा डेन्मार्कमधल्या सुपरमार्केटमधून एकदा घरी नेणे. सेंद्रिय कापसाची जी पिशवी अभ्यासात होती ती थोडी लहान होती, २२ लिटर सामान तिच्यात मावत नव्हतं. म्हणून हिशेबात दोन पिशव्या धरल्या गेल्या. म्हणजे पिशवी चार बोटं मोठी शिवली असती, तरी आकडा बराच खाली आला असता!

२. परिणाम कशावरचा?

अहवालात एकच निकाल नाही. हवामानबदल, पाणी, ओझोन थर असे अनेक निकष आहेत. फक्त हवामानबदल पाहिला, तर साध्या कापसाची पिशवी ५२ वेळा आणि सेंद्रिय कापसाची १४९ वेळा वापरावी लागते. सगळे निकष एकत्र धरले की अनुक्रमे ७,१०० आणि २०,०००. कारण त्या वेळी ज्या निकषात पिशवी सर्वांत मागे पडते तोच आकडा ठरवतो, आणि इथे तो होता ओझोन थराचा ऱ्हास.

आठवड्यातून एकदा बाजार धरला, तर ५२ वेळा म्हणजे एक वर्ष. २०,००० वेळा म्हणजे जवळपास ३८५ वर्षं. दोन्ही आकडे एकाच अहवालातले. बातमीत कोणता जाणार, हे सांगायला नको.

३. अभ्यासाची हद्द कुठवर?

याला 'सिस्टिम बाउंडरी' म्हणतात. डेन्मार्कच्या हिशेबात प्लास्टिकची पिशवी घरी आल्यावर कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरली जाते आणि मग भट्टीत जाळून तिच्यातून ऊर्जा मिळवली जाते. पिशव्या उघड्यावर पडण्याचं प्रमाण तिथे नगण्य मानून ते हिशेबात घेतलेलं नाही.

आता आपल्याकडे या. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची तुंबलेली गटारं आठवा; त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले आणि २०१८ मध्ये व्यापक प्लास्टिकबंदी. नाल्यात अडकलेली पिशवी, गाईच्या पोटात गेलेली पिशवी हा आपल्याकडचा मुख्य प्रश्न, आणि तोच त्या हद्दीबाहेर आहे. अभ्यास चुकीचा नाही. तो डेन्मार्कचा आहे. मी मात्र तो उचलून थेट आईच्या भाजीबाजारात नेऊन ठेवला होता.

४. गृहीतक बदललं तर?

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ चा अहवाल पाहा. हवामानबदलाच्या निकषावर तिथे कापडी पिशवीचा आकडा १३१ आहे. पण ४० टक्के प्लास्टिक पिशव्या पुन्हा कचऱ्यासाठी वापरल्या जातात असं धरलं, की तोच आकडा १७३ होतो. कापडी पिशवीत काहीच बदललं नाही, बदललं ते समोरच्या पिशवीबद्दलचं गृहीतक.

मग कापडी पिशवी वाईट की चांगली?

दोन्ही अहवालांतून एक गोष्ट मात्र ठामपणे निघते. नवीन कापडाचा मोठा भार ते बनतानाच पडून गेलेला असतो. तो किती वापरांवर वाटला जातो, हे आपल्या हातात असतं. १० वेळा घालून टाकलेला टी-शर्ट आणि १०० वेळा घातलेला टी-शर्ट दुकानात सारखेच दिसतात, पण दर वापरामागचा उत्पादनाचा भार दसपट वेगळा असतो. 'स्लो फॅशन' म्हणजे मुळात हाच भागाकार. महागडं 'इको' लेबल विकत घेणं हा त्याचा अर्थ नाही.

माझ्या खोलीच्या दारामागे कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेल्या सात कापडी पिशव्या लटकतायत. ५२ चा सौम्य आकडा धरला तरी त्या फेडायला मला सात वर्षं दर आठवड्याला बाजारात जावं लागेल. आता नवीन पिशवी पुढे आली की मी नम्रपणे परत करते.

आणि आईची पिशवी? अहवालात सगळ्या पिशव्या नव्या कोऱ्या आहेत. तिच्या पिशवीसाठी वेगळा कापूस पिकवावाच लागला नाही. त्या कापसाचा भार पँटच्या नावावर टाकायचा की पिशवीलाही थोडा वाटून द्यायचा, यावर एलसीएवाले वाद घालतात. त्याला 'ॲलोकेशन' म्हणतात. पण वाटणी कशीही करा, पिशवीच्या वाट्याला नव्या पिशवीएवढा भार येत नाही.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं आणि माझं चुकलं हेही सांगितलं. ती म्हणाली, "मी कुठे बंद केली होती वापरायची?"

जाता जाता: आकडा उचलण्याआधी चार प्रश्न

- एकक काय आहे?
- कोणत्या परिणामाबद्दल बोलतोय?
- अभ्यासाची हद्द कुठली, आणि ती आपल्या ठिकाणाला लागू पडते का?
- कोणतं गृहीतक बदललं की आकडा हलतो?

तुमच्या सिनॉप्सिसमधला सर्वांत दणदणीत आकडा आज निवडा आणि त्याचा मूळ अहवाल उघडा. चारही उत्तरं सापडली तर आकडा ठेवा. नाही सापडली, तर तो तुम्ही स्वतःच काढून टाका. भर सेमिनारमध्ये काढावा लागण्यापेक्षा ते बरं.