वडाळ्याच्या पोटातले थर

अमेरिकेत जुन्या संडासांचे खड्डे उकरून बाटल्या शोधणारे हौशी लोक आहेत. राखेचा, चुन्याचा, काळ्या तेलकट मातीचा थर लागला की ते सावध होतात. मुंबईत हा नाद फारसा रुजण्याजोगा नव्हता. इथे टोपलीचे संडास, दोन घरांमधली घाणेरडी गल्ली आणि मैला डोक्यावर वाहणारी माणसं. डॉ. लीथ यांनी मुंबई बेटाच्या आरोग्यावर अहवाल लिहिला तो १८६४ साली, याच घाणीच्या काळात. मैला असा उचलून नेला जाई, म्हणून आपल्याकडे जमिनीत राहिला तो भराव.

पण भरावाखालचा क्रम आधी पाहावा. १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉक खोदताना निळसर चिकणमातीखाली खैराची शेकडो झाडं निघाली. त्यांतली बरीच उभी होती, मुळं खालच्या मुरमात रुतलेली. पुढे अलेक्झांड्रा डॉकच्या खोदाईतही तसे बुंधे दिसले. म्हणजे निसर्गाचा क्रम असा: तळाशी कातळ, त्यावर मुरूम, वर खाडीचा गाळ.

वडाळ्यात हाच क्रम उलटा दिसला की समजावं, माणसाचा हात लागला आहे. प्लेगनंतर १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यातले उंचवटे तोडून सखल भाग भरले गेले. बोअरिंगच्या नमुन्यात वर छान पिवळा मुरूम लागतो आणि नवखा खूश होतो. त्याखाली शिंपल्यांचे तुकडे असलेली, सडक्या अंड्यासारख्या वासाची काळी माती निघाली की त्याचा चेहरा पडतो. जमीन किती घट्ट आहे ते पाहायला ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून घाव मोजायचे असतात; अशा गाळात कधी तो मोजण्याआधीच रॉडसकट खाली बसतो. मुरमात कौलाचा तुकडा, कोळशाची राख, काच दिसली तर शंकाच उरत नाही. मला विचाराल तर मिठागरांचा गाळ परवडला, निदान तो सारखा असतो. राडारोड्याचा भराव दर दहा फुटांवर स्वभाव बदलतो.

२५ जून २०१८ ला वडाळ्यात, अँटॉप हिलजवळ, बांधकामाच्या खड्ड्याच्या कडेची जमीन खचली आणि उभ्या मोटारी खाली गेल्या. आता तर जागोजागी पुनर्विकासाची खोदाई चालू आहे. सोसायटीच्या सभेत फ्लॅटच्या चटईक्षेत्राच्या आकड्याबरोबर बोअरलॉगची, म्हणजे बोअरिंगमधल्या थरांच्या नोंदीचीही, प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे शेजारी खोदणाऱ्याला ती लागेल.