जुन्या फियाटच्या टाकीतला गंज

आपण जुनी फियाट किंवा पद्मिनी जपून ठेवली असेल, तर ही तक्रार आपल्याला ठाऊक असेल. गाडी सकाळी नीट सुरू होते, गावात छान चालते, पण हमरस्त्यावर वेग घेतला की अडखळून बंद पडते. दहा मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू. मेकॅनिक म्हणतो, ‘टाकीत कचरा आहे’, आणि फिल्टर बदलतो. महिन्याभरात पुन्हा तेच. बहुतेक वेळा हा कचरा म्हणजे टाकीच्याच पत्र्याचा गंज असतो. वेगात पेट्रोलची ओढ वाढते, कण नळीच्या तोंडाशी अडकतात आणि गाडी थांबली की खाली बसतात.

गंजाचे मूळ पाण्यात आहे. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, आणि दमट हवा आत ओढली जाते. त्या हवेतले पाणी पत्र्यावर जमते. पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी उतरते आणि तिथेच राहते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी धरून ठेवते आणि पाणी फार झाले की त्याच्यासकट पेट्रोलपासून वेगळे होते. म्हणून पावसाळाभर उभी राहणारी गाडी सर्वांत आधी गंजते.

काम मोकळ्या जागी, आसपास कुठलीही आग नसताना करावे. आधी बॅटरीची ऋण तार काढा. पेट्रोल हातपंपाने काढा, तोंडाने नळी ओढू नका. ते गटारात ओतायचे नाही. झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

मग टाकी उतरवा आणि काट्याचा फ्लोट, म्हणजे पेट्रोल किती आहे ते काट्याला कळवणारा तरंगता भाग, बाहेर काढा. त्याच भोकातून बॅटरीच्या टॉर्चने आत पाहा. तांबूस पावडर असेल तर टाकी वाचते. पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील किंवा तळाला खालून ओल दिसत असेल, तर पत्रा पातळ झाला आहे. नवी टाकी शोधलेली बरी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. वेल्डिंगवाला ‘दोन मिनिटांत भोक बुजवतो’ म्हणाला, तरी तशी टाकी त्याच्या हाती देऊ नका.

साबणाच्या गरम पाण्याने वास जाईपर्यंत टाकी धुवा. नंतर मूठभर लोखंडी नट आत टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा, म्हणजे सैल गंज सुटतो. नट मोजून टाका, मोजून काढा.

आता सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम घेऊन टाकी काठोकाठ भरा. अर्धवट भरली तर वरचा पत्रा तसाच गंजका राहतो. तोंड घट्ट लावू नका, आत थोडा वायू तयार होतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. रात्रभर ठेवून सकाळी पाहा, गरज वाटली तर आणखी काही तास. संडास साफ करायचे ॲसिड लवकर काम करते, पण चांगला पत्राही खाते. ते टाळा.

खरी चूक पुढे होते. ॲसिड ओतून दिले, पाण्याने धुतले, खायच्या सोड्याचे पाणी फिरवून पुन्हा धुतले, आणि टाकी उन्हात ठेवून चहाला गेलो, की परत येईपर्यंत पत्र्यावर नवी पिवळी झाक धरलेली असते. उघडा पडलेला, ओला पत्रा काही मिनिटांतच गंजायला लागतो. म्हणून केस वाळवायचा ड्रायर आधीच तयार ठेवा. पेट्रोलचा वास पूर्ण गेलेला असेल तरच तो लावा, आणि कोपरे, सांधे कोरडे होईपर्यंत गरम वारा सोडत राहा. टाकी थंड झाली की ड्रायर दूर ठेवून थोड्या पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळा आणि आतून फिरवून काढून टाका.

आतून लेप देणारी द्रव्ये मिळतात. टाकी गळत नसेल तर मी ती सुचवणार नाही. जरा ओल राहिली तरी लेप सोलून निघतो, आणि काही जुने लेप इथेनॉलमध्ये विरघळतात. मग तोच चिकटा कार्ब्युरेटरमध्ये जातो.

टाकी बसवताना रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्या. एसी पंपाची, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची, जाळी आणि कार्ब्युरेटरची वाटी साफ करा, नळीवर पारदर्शक फिल्टर लावा. पहिला फिल्टर तांबूस झाला तर घाबरू नका, बदला. दुसराही तसाच झाला, तर टाकी पुन्हा उघडावी लागेल.