जोड आधी, डाव नंतर
लेखमाला : पडद्यावरचे आखाडे – भाग ६

गेल्या आठवड्यात फ्रेम म्हणजे काय ते पाहिलं. एका सेकंदात ६० चित्रं, आणि लढतीच्या खेळातला सगळा हिशेब त्या साठाव्या भागांत. तो भाग वाचून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहतो, वर्षभर ‘स्ट्रीट फायटर ६’ खेळतोय. “मामा, थर्ड स्ट्राइक शिकायला घेऊ का? सगळे म्हणतात तोच खरा गेम.” मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? तर यूट्यूबवरचे. मग विचारलं, खेळणार कोणाबरोबर? यावर स्वारी गप्प.

आजचा भाग त्या दुसऱ्या प्रश्नासाठी. पण आधी ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला जातो तो खेळ काय आहे ते पाहू.

‘स्ट्रीट फायटर ३’च्या तीन आवृत्त्या निघाल्या. पहिल्या दोन १९९७ मध्ये आणि तिसरी, ‘थर्ड स्ट्राइक’, १९९९ मध्ये. कॅपकॉमने ‘सीपीएस-३’ नावाच्या बोर्डावर तो चालवला. या बोर्डावर एकूण सहाच खेळ निघाले, त्यातले तीन हेच. बोर्ड महाग होता आणि नाजूकही. चोरून नक्कल होऊ नये म्हणून कार्ट्रिजमध्ये बॅटरीवर जगणारी किल्ली ठेवलेली असे. बॅटरी संपली की खेळ मेला. आमच्या गावच्या व्हिडिओ पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ होता, ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ होता, पुढे ‘टेकन ३’ आला. थर्ड स्ट्राइकचं मशीन मी तिथे कधीच पाहिलं नाही. तेव्हा जुन्या आठवणींसाठी हा खेळ घेतो असं आपल्याकडचा कोणी म्हणाला, तर ती आठवण बहुतेक उसनी असते.

या खेळाचा जीव आहे ‘पॅरी’त. इतर खेळांत फटका आला की दांडी मागे ओढायची, म्हणजे बचाव होतो. इथेही होतो. पण फटका अंगावर येण्याच्या क्षणी दांडी मागे न ओढता पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने टिचकवली, तर फटका वाया जातो, तुमचं काहीच नुकसान होत नाही आणि उलटा वार करायला तुम्ही मोकळे. खालच्या फटक्याला खाली टिचकवायची. वेळ साधारण दहा फ्रेमची, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. चुकलात तर पूर्ण मार. मार येतोय आणि आपण पुढे जायचं, हे अंगाला पटायलाच काही आठवडे लागतात.

२००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे ‘इव्हो’ स्पर्धेत घडलेला प्रसंग सगळ्यांनी पाहिलेला असतो. जपानचा दाइगो उमेहारा केन हे पात्र घेऊन, अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. केनचा प्राण केसाएवढा उरलेला. मोठ्या डावांचे फटके अडवले तरी थोडा प्राण जातोच, त्यामुळे दाइगोला नुसता बचाव करूनही मरण होतं. वाँगने चुन-लीचा सुपर सोडला, पंधरा लाथा. दाइगोने पंधराच्या पंधरा पॅरी केल्या, शेवटची हवेत, आणि उलट मारून फेरी जिंकली. प्रेक्षकांचा तो आरडाओरडा ऐकून अजूनही काटा येतो. पण ती स्पर्धा दाइगो जिंकला नव्हता. अंतिम सामन्यात तो आपल्याच देशाच्या केंजी ओबाताकडून हरला. हे सांगायचं कारण, त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीने जितके लोक या खेळाकडे ओढले, तितक्यांचीच दिशाभूलही केली. नवा माणूस येतो तो पॅरी करायला. समोरच्याला ते लगेच कळतं. तो फटका मारायचा थांबतो, दोन पावलं चालत येतो आणि उचलून आपटतो. पकडीला पॅरी नसते.

आता समोरच्याबद्दल. कुस्तीच्या मैदानात पैलवान कितीही तयारीचा असो, त्याच्या जोगी जोड मिळाल्याशिवाय कुस्ती लागत नाही. वजन, वय, तयारी बघून पंच जोड लावतात. नव्या खेळात हे काम कंपनीचा संगणक करतो. तुम्ही हरत राहिलात की तो तुम्हाला हरणाऱ्यांतच नेऊन बसवतो, आणि हरणारे तिथे हजारांनी असतात. पंचवीस वर्षं जुन्या खेळात ती खालची पायरीच झिजून गेलेली असते. जुने खेळ ऑनलाइन खेळायची सोय देणाऱ्या ‘फाइटकेड’वर थर्ड स्ट्राइकची खोली उघडली तर माणसं भरपूर दिसतील. नावापुढे दर्जाचं अक्षर असतं, सर्वांत खालचं ‘ई’. मी पहिल्याच संध्याकाळी अशा ‘ई’वाल्याशी भिडलो आणि सलग सतरा सामने हरलो. त्या गृहस्थाने हा खेळ कित्येक वर्षं खेळलेला असणार, हे त्याच्या पायांच्या हालचालीवरूनच कळत होतं. त्याने मध्ये एकदा मला जिंकू द्यायचा प्रयत्न केला. ते जास्त लागलं.

तरीही जुना खेळ आज घरात बसून खेळता येतो, ही गोष्ट थोडी थांबून समजून घ्यावी अशी आहे. मुंबईहून टोकियोच्या खेळाडूशी खेळायचं तर अंतर सरळ रेषेतच पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे तार दोरी धरून सरळ टाकली असती, तरी तुमचं बटण तिकडे पोचायला ३४ मिलिसेकंद. एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची; दोन फ्रेम गेल्याच. समुद्राखालच्या तारा वळसे घेत जातात, तेव्हा प्रत्यक्षात याहून बरंच जास्त. जुनी पद्धत अशी, की दोन्हीकडची यंत्रं एकमेकांचं बटण येईपर्यंत थांबायची. तुम्ही ठोसा आत्ता दाबायचा आणि तो निघणार मग, तोही कधी चार फ्रेमने, कधी सहाने. सेकंदाच्या सहाव्या भागात पॅरी करायची आणि जमीनच हलती, असा प्रकार.

यावर तोड म्हणून इव्होच्या संस्थापकांपैकी एक, टोनी कॅनन, याने २००६ मध्ये ‘जीजीपीओ’ आणलं. त्याची युक्ती आपल्या टपरीवाल्याला ठाऊक आहे. रोजचं गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसलं की तो विचारायला थांबत नाही, कटिंग ओतायला घेतो. बहुतेक वेळा बरोबर ठरतं. एखाद्या दिवशी गिऱ्हाईक कॉफी म्हणालं तर चहा बाजूला, कॉफी पुढे, आणि अशा चपळाईने की गिऱ्हाईकाला पत्ताही लागत नाही. यंत्र धरून चालतं की समोरच्याने क्षणापूर्वी जे दाबलं होतं तेच आत्ताही दाबलंय. माणसाचा हात सेकंदाला साठ वेळा बदलत नाही, त्यामुळे अंदाज सहसा खरा निघतो. चुकला तर खेळ गुपचूप काही फ्रेम मागे जातो, खऱ्या बटणानुसार पुन्हा मांडणी करतो आणि आजच्या फ्रेमवर परत येतो. पडद्यावर किंचित उडी दिसते, पण तुमच्या बोटाला विलंब जाणवत नाही. २०११ च्या ‘ऑनलाइन एडिशन’मध्ये कॅपकॉमने हेच वापरलं, २०१९ मध्ये त्याचा कोड सर्वांना खुला झाला, आणि फाइटकेड त्याच पायावर उभं आहे. मात्र फाइटकेड खेळ स्वतः देत नाही. रीतसर विकत घ्यायचा तर २०१८ चा ‘थर्टीएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ आहे. त्यात बारा खेळ, त्यातल्या चारांना ऑनलाइनची सोय, थर्ड स्ट्राइक त्या चारांत.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला पटला. “मी सिक्समध्ये जे पाठ केलं ते पॅच आला की बदलतं,” तो म्हणाला. इथे पॅच नाही. १९९९ ची चुन-ली आजही तितकीच डोईजड, यून आणि केन तिच्या शेजारी. शॉन बिचारा दुसऱ्या आवृत्तीत दणकट होता, तिसरीत त्याला इतका खाली आणला की पुन्हा वर आलाच नाही. अन्याय आहे खरा, पण कायमचा, त्यामुळे त्याचा अभ्यास करता येतो. २०२४ मध्ये लास व्हेगासच्या इव्होत जुन्या खेळाचा मान म्हणून थर्ड स्ट्राइक ठेवला होता. तो जिंकला जपानचा हायाओ, ह्यूगो घेऊन. ह्यूगो म्हणजे धिप्पाड, सावकाश हलणारा कुस्तीगीर. वरच्या तिघांच्या जवळपासही कोणी त्याला बसवत नाही. पंचवीस वर्षांत खेळ बदलला नाही, माणसं मात्र त्यात अजून जागा शोधतायत.

म्हणून माझं उत्तर असं : एकट्याने घेऊ नको. वरच्या दर्जाचे खेळाडू पाहून, पुस्तकासारखे डाव पाठ करून, मग आखाड्यात उतरणारे बहुतेक जण महिन्याभरात परत जातात, आणि दोष खेळाला देतात. आधी एक माणूस शोध, तुझ्याइतकाच नवखा. शेजारच्या खोलीतला चालेल. शेजारचा असेल तर तारेचा प्रश्नही मिटला. दोघांनी एकाच दिवशी सुरुवात करायची. ग्राफिक्स जुने आहेत का, खेळ मेलाय का, ही चर्चा तुम्ही दोघं खेळत असाल तर निरर्थक आहे, आणि नसाल तर आणखी निरर्थक. असा माणूस मिळत नसेल तर सरळ सिक्स खेळत राहा. तिथे जोड लावून मिळते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

मिळाला तर केन घे. पहिला महिना पॅरीला हात लावायचा नाही. बसून मारायची मधली लाथ किती लांब पोचते ते डोळ्यांत बसव. उडी मारून येणाऱ्याला खालून पाडायला शिक. सामना सुरू करण्याआधी सुपर कुठला निवडायचा यावर डोकं घालवू नको. तिसरा घे आणि विसर.

परवा त्याचा फोन आला. रूममेट तयार झालाय. त्याने ह्यूगो घेतलाय, का तर तो पैलवान दिसतो म्हणून. “मामा, हा नुसता उचलून आपटतो. मी सुटायचं बटण दाबतो, तरी सुटत नाही.” साधी पकड दोन बटणांनी सुटते, ह्यूगोची ती गोल फिरवून घातलेली पकड सुटत नाही, तिच्या आधी जमीन सोडावी लागते. कधी सोडायची, ते पुढच्या भागात.