पोट भरले, पण पोषण झाले का?

उन्हाळा लागला की मराठवाडा आणि सोलापूरच्या पट्ट्यात कडब्याचा शेकडा काय भावाने गेला, ही चर्चा पारावर सुरू होते. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आणि दारात एक-दोन जनावरे असलेल्या घराला तो भाव झेपत नाही. खरिपातल्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तसा घरचा कडबाही कमी झाला. मग गव्हाचे काड, सोयाबीनचे भुसकट, उसाचे वाढे असे मिळेल ते गव्हाणीत पडते. गाईचे पोट भरलेले दिसते, तरी दूध आटते, बरगड्या वर येतात, गाय वेळेवर माजावर येत नाही.

याचे कारण तिच्या कोटीपोटात आहे. काडातला तंतुमय भाग गाय स्वतः पचवू शकत नाही. ते काम कोटीपोटातले कोट्यवधी सूक्ष्मजीव करतात. त्यांना वाढण्यासाठी नत्र लागते. चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिने असली तरच त्यांचे काम नीट चालते. वाळलेल्या काडात ती जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. सूक्ष्मजीव उपाशी राहिले की काड पोटात तसेच पडून राहते आणि जनावराची भूकही मंदावते. अशा वेळी आणखी काड टाकून उपयोग नाही. उसाच्या वाढ्यांचा धोका वेगळा आहे. त्यांतले ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून वाढे एकटे न देता इतर चाऱ्यात मिसळून द्यावेत, सोबत चुन्याची निवळी किंवा क्षार मिश्रण द्यावे.

काडाचा कस वाढवण्याचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे युरिया प्रक्रिया. १०० किलो काडासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा. काडाचे थर देत त्यावर तो सारखा शिंपडायचा, थर दाबायचे आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचे. युरियातून सुटणारा अमोनिया काड मऊ करतो आणि त्यातले नत्र वाढवतो. काढलेला चारा काही तास पसरून, वास उडाल्यावर, थोड्यापासून सुरुवात करून द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना आणि घोडा-गाढवांना तो देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागले तर विषबाधा होऊन ते दगावू शकते. त्यामुळे पहिल्यांदा पशुवैद्यकाला विचारूनच हे करावे.

मग हे घरोघरी का होत नाही? टंचाई जाणवते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा शिंपडायला पाणी नसते. प्लास्टिक आणि युरियाला हाती पैसा नसतो. शिवाय एकट्याने थर लावण्याचे काम होत नाही. त्यामुळे याची वेळ सुगीनंतर लगेचची, विहिरीला पाणी असतानाची. चार घरांनी मिळून एकच खड्डा आणि एकच ताडपत्री वापरली तर खर्च विभागला जातो. चारा छावणी दुष्काळात जनावर जगवते. पण ते दुधावर राहावे, गाभण राहावे आणि कवडीमोल भावाने बाजारात जाऊ नये, यासाठीची तयारी फेब्रुवारीतच करावी लागते.