तळ्याचे वर्ष आणि विद्यार्थ्याचे वर्ष

मराठी वाचक तंजावूरला ओळखतो ते व्यंकोजीराजांच्या राज्यामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. परंतु या भूमीची भरभराट मुख्यतः तिच्या पाण्यावर उभी आहे. कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीला वेण्णारचा फाटा फुटतो, आणि पुढे असंख्य कालव्यांवाटे पाणी भातशेतीत व गावोगावच्या तलावांत पोहोचते. सिंचनाच्या तलावास तेथे ‘एरी’ आणि गावाच्या वा देवळाच्या तळ्यास ‘कुळम’ म्हणतात. भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

असे तळे म्हणजे एक लहानसे विश्वच होय, असा विचार स्टीफन फोर्ब्ज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८८७ साली मांडला. त्यातील कोणतीही एक गोष्ट बदलली की बाकीच्यांवर तिचा परिणाम होतो. शेतातील खताचा अंश पावसाबरोबर तळ्यात उतरला, की त्यावर शैवाल माजते. दिवसा सूर्यप्रकाशात हे शैवाल प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र ते व इतर जीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरीत राहतात. परिणामी पहाटेच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी होते, आणि कधी कधी मासे गुदमरून मरतात. दुपारी येऊन पाण्याची एकच बाटली भरून नेणाऱ्या अधिकाऱ्यास हे संकट दिसतच नाही. ते दिसते पहाटे तळ्यावर जाणाऱ्यास, आणि तेही वारंवार जाणाऱ्यास.

हे काम गावाजवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी उत्तम प्रकारे करू शकतो. त्याची साधने फारशी महाग नाहीत. पाण्याचा गढूळपणा मोजणारी पांढरी तबकडी अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली वापरली. दोरीला बांधलेली ही तबकडी पाण्यात सोडावयाची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवावयाचे, इतकेच. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रासायनिक रीत लायोश विंकलर याने १८८८ साली दिली. तीही साध्या प्रयोगशाळेत करता येते. विद्यार्थ्यास अडते ते प्रवासखर्च, रसायने, बाटल्या आणि होडीचे भाडे यांपाशी. अशा कामी लहान अनुदानाचा मोठा उपयोग होतो. १९८४ साली स्थापन झालेल्या तमिळनाडू राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेने विद्यार्थी-प्रकल्पांस अर्थसाहाय्य देण्याची योजना चालविली आहे.

तथापि एक अडचण उरते. अंतिम वर्षाचा प्रकल्प बहुधा शेवटच्या काही महिन्यांतच उरकावा लागतो. तळ्याचे वर्ष त्याहून लांब असते. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याचा रूढ दिवस १२ जून हा होय. धरणात साठा पुरेसा नसेल, तर तो लांबतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस तळी भरतो, आणि उन्हाळ्यात पुष्कळ तळी आटतात. शिवाय एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते. म्हणून एका हंगामाच्या आकड्यांवरून तळ्याची प्रकृती सुधारते आहे की बिघडते आहे, हे ठरविता येत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व तंजावूर–मन्नारगुडी रस्त्यावरील वडुवूर येथे स्पष्ट दिसते. तेथील मानवनिर्मित सिंचन तलावाचा २०२२ साली रामसर पाणथळींच्या यादीत समावेश झाला. शेतकऱ्यास तेथे पाणी हवे, तर हिवाळी पाहुण्या पक्ष्यांस उथळ पाणी व झाडे हवीत. गाळ किती काढावा, कोठे काढावा आणि कोठे राहू द्यावा? पूर्वी गावकरी मिळून तलावांची डागडुजी करीत. त्या ‘कुडिमरामत्तु’ परंपरेच्या नावाने राज्य शासनाने २०१७ च्या सुमारास योजनाही सुरू केली. परंतु अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी नसतील, तर फावडे कोठे चालवावयाचे ते अंदाजानेच ठरते, आणि चुकीचा अंदाज शेतकरी व पक्षी दोघांनाही भोवतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठात एडवर्ड बर्ज व चॅन्सी ज्युडे यांनी सरोवरांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा घातली. तेथील सरोवरांच्या दीर्घकालीन निरीक्षणास १९८१ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे साहाय्य मिळू लागले. त्यामागील तत्त्व कावेरीकाठीही लागू पडते: अनुदान तळ्याच्या नावे असावे, आणि विद्यार्थी आळीपाळीने यावेत. एकाने ठेवलेली नोंदवही दुसऱ्याने त्याच जागी, त्याच वेळी, त्याच रीतीने पुढे चालवावी. तिची एक प्रत महाविद्यालयात राहावी आणि दुसरी गावाच्या पंचायतीकडे जावी, म्हणजे गाळ काढण्यापूर्वी ती उघडली जाईल.

अशा चिकाटीचा आदर्श तंजावूरला परका नाही. १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या वेळची नेत्ररोग्यांच्या उपचारांची सचित्र टिपणे सरस्वती महालात जतन झाली आहेत. रोग्याच्या डोळ्याविषयी जी दक्षता तेव्हा घेतली गेली, तीच आज गावच्या तळ्याविषयी घेता येईल. त्यासाठी लागतो तो थोडा पैसा, एक नोंदवही आणि ती खंड न पाडता चालविणारे तरुण हात.