'जोडायचं' म्हणजे नेमकं काय जोडायचं?



कोपर स्टेशन आठवा. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वरून दिवा-वसई लाइन. इथे रूळ एकमेकांना जोडलेले नाहीत. जिना चढून प्रवासी गाडी बदलतो. तरी आपण म्हणतो, कोपर दोन लाइन जोडतं! धंद्यातही हा शब्द आपण असाच सैल वापरतो. व्हिडिओत घाईत सांगितलेले चार अर्थ इथे नीट बघू.

१. जोडधंदा
शेतकरी शेतीला दुधाची जोड देतो. कडबा गुरांना, शेण शेताला. एकाचं दुसऱ्याला पोषक ठरतं. पोळीभाजी केंद्रवाल्या ताईंनी दिवाळीला फराळ विकला, तर तो जोडधंदा : ओटा तोच, गिऱ्हाईक तेच. त्यांनी मोबाइलचं दुकान काढलं, तर तो दुसरा धंदा. त्याचा हिशोब वेगळा ठेवा.

२. जोडीदार
मैत्रीतला जोडीदार आणि फर्ममधला भागीदार यांत फरक आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो. म्हणजे मित्राने फर्मच्या नावावर माल उधार उचलला, तर वसुली तुमच्या घरापर्यंत येऊ शकते. आणि फर्म नोंदवलेली नसेल, तर थकलेल्या बिलासाठी फर्मला गिऱ्हाइकावर दावाही लावता येत नाही. आधी करारनामा आणि नोंदणी, मग पेढे.

३. गिऱ्हाईक जोडणं
मोबाइलमध्ये नंबर सेव्ह केला म्हणजे गिऱ्हाईक जोडलं, असं नाही. डोंबिवलीचा कोपर पूल 2019 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला, नवा सुरू झाला 2021 मध्ये. पूर्वेचं गिऱ्हाईक पश्चिमेच्या दुकानात वाटेवर पडतं म्हणून येत होतं की दुकानदारासाठी, हे अशा वेळी कळतं. वळसा घालून येतो, तो जोडलेला.

४. पैसा जोडणं
जुन्या मराठीत जोडणं म्हणजे मिळवून साठवणं. गल्ल्यात संध्याकाळी दिसते ती नुसती बेरीज. त्यातून माल, भाडं, पगार, हप्ता आणि तुमची स्वतःची मजुरी वजा करा. उरेल तेवढंच जोडलेलं.

आता एक काम करा. "जोडायचं" असं मनात आलं की वहीत दोन ओळी लिहा : यातून कोणाचा भार हलका होणार? आणि उद्या हे सुटलं, तर माझं काय जाणार? दुसऱ्या ओळीचं उत्तर येत नसेल, तर तूर्त नुसते हात जोडा आणि थांबा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!