एकशे बाराव्या ओळीतली पाच रोपं

पहाटे ५.४५

हस्त नक्षत्र लागलं की मला गजर लावावा लागत नाही. रात्री कौलांवर सर वाजली की झोपेतच मनात येतं, आंबेमोहर लोळला असेल का? उंच वाढणारा, बारीक ताटाचा, गरवा वाण. लोंबी दाण्याने जड झाली की एका जोराच्या सरीत खाचरंच्या खाचरं आडवी होतात. मग लोंब्या पाण्यात भिजतात, दाण्याला उभ्या पिकातच मोड येतात आणि कापणीला दुप्पट माणसं लागतात. त्याचा वास ठेवायचा आणि उंची तेवढी कमी करायची, एवढ्यासाठी गेली चार वर्षं मी रायगडातल्या या खाचरांत उतरते आहे.

६.३०

बांधावर दव आहे. मावशी माझ्याआधी पोचल्या आहेत, नेहमीसारख्याच. आमच्याकडे त्या लावणी-बेणणीच्या मजूर म्हणून लागल्या. आज या प्रक्षेत्रावर त्यांच्याइतकं भात ओळखणारं दुसरं कुणी नाही, मीही नाही.

समोर ६०० ओळी आहेत. गेल्या वर्षीच्या एकेका लोंबीचं बी एकेका ओळीत लावलेलं, ओळीत वीस-पंचवीस रोपं. शेतकरी एका जागी दोन-तीन काड्या लावतो, आम्ही एकच. प्रत्येक रोप वेगळं दिसलं पाहिजे, कारण आम्हाला हवं असलेलं एखादंच असतं.

या बियाण्याच्या आईला, म्हणजे मूळ आंबेमोहराच्या कोरड्या दाण्यांना, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण दिले होते. मात्रा २५० ग्रे. माणसाच्या सगळ्या अंगाला ४-५ ग्रे लागले तरी जीव जाऊ शकतो. सुकं बी मात्र इतकं सोसतं, कारण त्यात पाणी कमी असतं आणि आतला जीव निजलेला असतो. किरण पेशीतला डीएनए तोडतात, पेशी तो सांधते आणि सांधताना कुठेतरी चुकते. त्या चुकीला आम्ही उत्परिवर्तन म्हणतो. कुठे चुकायचं हे आपल्याला सांगता येत नाही आणि दिसून येणाऱ्या बहुतेक चुका रोपाच्या वाईटावरच असतात. पहिल्या पिढीत रोपं खुरटली, निम्म्या लोंब्यांत पळिंज भरलं. यंदा दाढीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, काही रोपं दुधासारखी पांढरी उगवली आणि आठवड्याभरात मेली. हरितद्रव्यच नाही, तर जगणार कशी? मावशी त्यांना ‘पांढरी पिल्लं’ म्हणतात. ती दिसली की मला मात्र धीर येतो, किरण लागू पडल्याची ती खूण असते.

‘‘मॅडम, एकशे बाराला या,’’ मावशींनी हाक मारली. ‘‘बुटकी हायेत. एक नाय, पाच.’’

मी गुडघाभर चिखलातून गेले. ओळीत २३ रोपं. १८ उंच, ५ बुटकी. पट्टी लावली. बुटकं ९२ सेंटिमीटर, शेजारचं १३८. लोंबी तशीच लांब, फुटवे उलट दोन जास्त.

पाच हा आकडा मी तीनदा मोजला. असं बुटकेपण बहुतेक वेळा दबून राहतं. आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसतं, म्हणून पहिल्या पिढीत लपतं आणि दुसरीत साधारण चौथा हिस्सा रोपांत वर येतं. २३ चा चौथा हिस्सा पाच-सहा. हिशेब जुळत होता. तरीही मी मावशींना म्हटलं, ‘‘एवढ्यात कुणाला सांगू नका.’’

दोन वर्षांपूर्वी किरण दिलेल्या पहिल्या बियाण्यात मला असंच एक बुटकं रोप मिळालं होतं. महिनाभर मी आनंदात होते. मग कळलं की ते उत्परिवर्तन नव्हतंच. आधीच्या हंगामात त्याच खाचरात एक सुधारित बुटका वाण होता, त्याचा सांडलेला दाणा उगवून आला होता. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

९.००

ऊन वर येतंय. भाताचं फूल साधारण नऊ-साडेनऊनंतर उमलतं आणि तासाभरात मिटतं. त्याआधी पाचही रोपांच्या न उमललेल्या लोंब्यांवर बटर पेपरच्या पिशव्या चढवल्या. भात बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, पण थोडाही बाहेरचा पराग मला नको आहे. पिशवीवर पेन्सिलने ओळ आणि रोप क्रमांक. पेनची शाई एका सरीत धुऊन जाते, हे शिकायला मला एक हंगाम घालवावा लागला.

१२.३०

डबा. तांदळाची भाकरी आणि मावशींनी आणलेली सुकट. त्यांनी आज पुन्हा विचारलं, ‘‘ह्या किरणांचं भात खाल्लं तर अंगाला काय होल का?’’ प्रश्न रास्त आहे, बांधावर येणारा प्रत्येक शेतकरी तो विचारतो. गॅमा किरण दाण्यातून निघून जातात, दाणा किरणोत्सारी होत नाही. यात दुसऱ्या जीवाचं जनुकही घातलेलं नसतं. निसर्गात जे आपसूक होतं, तेच आम्ही जास्त वेगाने घडवतो.

भाताला बुटकं करणारं sd1 (एसडी-वन) नावाचं एक जनुक आहे. तैवानच्या एका जुन्या वाणात ते आपोआप बिघडलं होतं आणि तिथूनच १९६६ चं आयआर-८ आलं. त्याच वर्षी जपानने गॅमा किरणांतून ‘रेइमेई’ काढलं, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘कॅलरोझ ७६’ आलं. तिन्हीकडे बिघडलं होतं तेच जनुक. एकशे बारातही तेच असेल का, ते पुढे तपासू.

संकर का नाही करत, असंही विचारतात. करता येतो. पण बुटका जोडीदार उंचीसोबत आपली हजारो जनुकं घेऊन येतो आणि त्या गर्दीत वास, शीत, चव हरवते. मला आंबेमोहर आंबेमोहरच राहायला हवा आहे.

२.००

आजच्या दिवसातला हा तास मला सगळ्यात जड गेला. पाच बुटक्यांची पानं, मूळ आंबेमोहराचं पान आणि बिनवासाच्या वाणाचं पान, सगळी बारीक कापून सात झाकणाच्या बश्यांत ठेवली. वर १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी. दहा मिनिटं थांबायचं. बश्यांवर फक्त चिन्हं, कुठली कुणाची ते लिहिलेला कागद माझ्या खिशात. उपरा बुटका असेल तर वास नसेल, पाचही रोपं आंबेमोहराचीच असतील तर पाचही बश्या दरवळतील.

हुंगायला तिघं: प्रयोगशाळेतला मुलगा, शेजारच्या विभागातले सर आणि मावशी. प्रत्येक बशीनंतर बाहेर जाऊन मोकळी हवा घ्यायची. मावशींनी सातवी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘ही एक मुकी. बाकी समदी आंबेमोहर.’’ बाकी दोघांचंही तेच.

मुकी बशी बिनवासाच्या वाणाची होती. कागद उघडताना माझा हात थरथरत होता.

४.१५

हस्ताची सर आली, वारा घेऊन. मी इरलं न घेताच बांधावर उभी राहिले. आजूबाजूच्या ओळी झुकल्या, काही बसल्याच. एकशे बारातली उंच रोपं कलंडली. बुटकी उभी होती.

६.३०

नोंदवही. ‘ओळ ११२, २३ पैकी ५ बुटकी, वास आहे.’ पुढे यांचं बी वेगवेगळं लावायचं, बुटकेपण टिकतं का बघायचं, मग उत्पन्न, करपा, खोडकिडा, शिजवण, वेगवेगळ्या जागी चाचण्या. अजून कितीतरी पावसाळे. छत्तीसगडच्या सुवासिक दुबराजला रायपूरच्या कृषी विद्यापीठाने आणि भाभा केंद्राने असंच बुटकं आणि लवकर येणारं केलं आहे. ते आठवलं की एवढे पावसाळे फार वाटत नाहीत.

बाहेर अंधार पडलाय. मावशी अजून गेल्या नव्हत्या. गेल्या वर्षी निवडलेल्या दोन लोंब्या उंदरांनी नेल्या होत्या, ते त्या विसरलेल्या नाहीत. पाच रोपांभोवती बारीक जाळी लावून तिची कड त्यांनी चिखलात खोल दाबली, हात पाटाच्या पाण्यात धुतले आणि म्हणाल्या, ‘‘उद्या मी साडेपाचलाच येते.’’